मल्ली, रोशनी आणि बिनघोड्यांचा पोलो

तरणतलावाच्या गाळणीत एक टोपली असते. रोज सकाळी ती काढून झटकायची. केसांचे रबर, टिकल्या, एका पायातलं पैंजण, एकदा तर अख्खी कवळी! कोणाचं काय पडलं, कधी पडलं, कळत नाही. पाणी फिरत राहतं आणि टोपली भरत राहते. किश्शांचंही तसंच. मी चंद्रपूरच्या एका तलावावर बावीस वर्षं पोहणं शिकवते आहे. किस्से जमवायला मी कधी गेले नाही. ते आपले साचले.

त्यातले सगळ्यात जास्त साचले ते मुलींच्या वॉटर पोलोच्या टीमचे.

आमच्याकडे वॉटर पोलो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मॅडम, घोडे कुठी बांधता?" आधी मी नीट समजावून सांगायचे. पाण्यातला हँडबॉल समजा. एका बाजूला सात जणी, त्यात एक गोलकीपर. तळाला पाय टेकवायचा नाही. गोलकीपर सोडून कोणी दोन हातांनी बॉल धरायचा नाही. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं, पण घोडे?"

आता मी सरळ सांगते, "पार्किंगमध्ये आहेत!"

*

मल्ली आली ती अकरावीला. पूर्ण नाव मल्लेश्वरी. गाव सिरोंच्याजवळ, गोदावरीच्या काठावर. वडील ढिवर, मासे मारणारे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्हींमध्ये बोलायचा वेग सारखाच. हॉस्टेलवर राहायची.

पहिल्याच दिवशी पाण्यात उतरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. दम लागला नाही. पण मान पूर्ण वर! नदीवरची माणसं पोहतात तशी, समोर बघत. मी शिस्तीचं पोहणं शिकवणारी बाई. माझ्या लेखी हा गुन्हाच.

तीन महिने मी काठावरून ओरडत होते. "मल्ली, मान खाली! तोंड पाण्यात!" ती दोन हात खाली मान घालायची, तिसऱ्या हाताला वर.

शेवटी बाहेर काढून विचारलं, "अगं, तुला अडचण काय आहे?"

ती म्हणाली, "मॅडम, मान खाली घातली तर समोरून लाकूड येऊन राह्यलं का साप येऊन राह्यला, कसं दिसंन?"

"इथे कुठून येणार लाकूड?"

"आज नाई आलं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मी वॉटर पोलोचं नियमांचं पुस्तक मागवलं. त्या खेळात मान वर ठेवूनच पोहावं लागतं. नाहीतर बॉल दिसणार कसा? मुलीचा दोष जाईना, म्हणून मी खेळ बदलला. आमची टीम सुरू झाली ती अशी. लोकांना मी वेगळं कारण सांगते.

*

टीम म्हणजे बारा मुली आणि गणपतभाऊ.

गणपतभाऊ तलावाची मशीन बघतात. क्लोरीन टाकणं, गाळणी, मोटर सगळं त्यांच्याकडे. आमचा तलाव एका बाजूला उथळ. तिथे मुली गुपचूप उभ्या राहायच्या. मग मी गणपतभाऊंना शिट्टी दिली. कोणाचा पाय टेकला की वाजवायची. भाऊंची नजर अशी, की फेसातूनही त्यांना अंगठा दिसायचा!

सहा महिन्यांनी कळलं, की गणपतभाऊंना पोहताच येत नाही. इतकी वर्षं तलावावर, आणि पाण्यात एकदाही उतरलेले नाहीत!

रोशनीनं त्यांना धरलं. रोशनी म्हणजे गोंडपिपरीकडची, कापूस-सोयाबीनच्या घरची, टीममधली सगळ्यात दणकट. म्हणाली, "भाऊ, चला ना, आम्ही शिकवतो. दोन दिवसांत येते."

भाऊ खुर्चीतून हलले नाहीत.

"मीच पाण्यात गेलो," ते म्हणाले, "तं पाण्याकडे कोण पाहीन?"

*

वॉटर पोलोत पाण्याच्या वर जेवढा खेळ चालतो, त्याच्या दुप्पट खाली चालतो. ओढणं, ढकलणं, पाय मारणं. पंचाला दिसलं तर फाऊल, नाहीतर खेळ.

पहिल्या महिन्यात मल्लीच्या दोन्ही दंडांवर निळे डाग पडले. हॉस्टेलच्या वॉर्डनबाई काळजी करणाऱ्या. त्यांनी ते पाहिले आणि मल्लीला ऑफिसात बसवलं. मला फोन. मी धावत गेले, तर रोशनीलाही बोलावून घेतलेलं.

वॉर्डनबाईंनी चौकशी सुरू केली. "मल्लेश्वरी, घाबरू नको. कोणी मारलं?"

"रोशनीनं."

"काऊन मारलं?"

"बॉल माह्याजवळ होता."

वॉर्डनबाई रोशनीकडे वळल्या. "तू मारलं हिले?"

"हो मॅडम," रोशनी शांतपणे म्हणाली. मग तिला वाटलं, यांचा काहीतरी गैरसमज होतो आहे. म्हणून तिनं खुलासा केला, "पण पाण्याच्या खालून!"

*

पहिली स्पर्धा नागपूरला, विभागाची. कापसाची वेचणी नुकतीच सुरू झालेली. रोशनी चार दिवस घरी जाऊन थेट स्पर्धेच्या सकाळी एसटी स्टँडवर आली.

मॅचच्या आधी पंच प्रत्येकीची नखं तपासतात. पाण्यात ओरखडा लागू नये म्हणून. सगळ्या मुली हात पुढे करून ओळीत उभ्या. पंच रोशनीपाशी थांबले. तिची बोटं जिकडेतिकडे चिरलेली. कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाची टोकं लागतात, ते ज्यानं वेचला त्यालाच माहीत.

पंच नागपूर शहरातले. म्हणाले, "हे काय आहे? तुम्हाला नियम सांगितला नाही का? नखं कापून यायचं असतं!"

रोशनीनं हात उलटसुलट करून दाखवले.

"नखं मी कापली सर. बोटं कापसानं कापली."

पंचांनी स्वतःच्या बॅगेतून चिकटपट्टी काढली आणि एकेक बोट बांधून दिलं. दहाच्या दहा.

ती मॅच आम्ही एकोणीस-शून्य हरलो. समोर नागपूरची टीम, वर्षानुवर्षं खेळणारी. आमच्या मुली सेंटर लाइनच्या पुढे गेल्या की नाही, मला आठवत नाही. मल्ली गोलकीपर. एकोणीस वेळा तिच्या मागची जाळी हलली. तिसऱ्या क्वार्टरनंतर मी स्कोअरबोर्डाकडे बघणं सोडून दिलं.

परतताना बसमध्ये मी मल्लीच्या शेजारी बसले. समजूत घालायला शब्द शोधत होते. तर तीच म्हणाली, "मॅडम, त्या वीस मारणार होत्या."

"म्हणजे?"

"एक मी अडवला ना!"

*

मल्लीचे वडील, पोचमभाऊ, तिचा खेळ बघायला एकदाच आले. बारावीचं वर्ष. आमच्याच तलावावर एक मैत्रीची मॅच ठेवली होती. सिरोंच्याहून दिवसभर प्रवास करून आले. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. मी त्यांना काठावर सावलीतली खुर्ची दिली.

मॅच चांगली रंगली. धक्काबुक्की, आरडाओरडा, एकमेकींना पाण्याखाली दाबणं. मल्लीनं पाच-सहा गोल अडवले. लोक टाळ्या वाजवत होते. पोचमभाऊंचे हात मात्र मांडीवर. चारही क्वार्टर त्यांनी डोळे पाण्यावरून हलवले नाहीत. मला वाटलं, मुलीला असं ओढताना बघून माणूस घाबरला असेल.

मॅच संपली. मल्ली टोपी काढून धावत आली. त्यांनी तिला तेलुगूत काहीतरी हळूच विचारलं. मल्ली हसायला लागली ती थांबेना.

मी म्हटलं, "काय म्हणतात बाबा?"

"नायना म्हणतात, पाणी तळापर्यंत साफ दिसते. आत एक मासा नाई. मग एवढ्या जणी कायच्यासाठी भांडून राह्यल्या?"

*

त्या वर्षी राज्य स्पर्धेत आम्ही तिसऱ्या आलो. त्या वयोगटात फारशा टीम आल्याच नव्हत्या, हे मी मुलींना सांगितलं नाही. तिसऱ्या नंबरची मॅच मात्र खरी झाली. आम्ही चार-तीननं पुढे, शेवटची काही सेकंद, आणि आमच्यावर पेनल्टी! ज्यांच्यासाठी कॉलेजच्या खेळाडू कोट्याचा प्रश्न होता, त्यांचं सगळं त्या एका बॉलवर अडकलेलं. मल्ली त्यातलीच.

समोरची मुलगी नावाजलेली. तिची खासियत म्हणजे हूल. हात असा फिरवायची, की गोलकीपर डावीकडे झेपावायची आणि बॉल उजवीकडून आत. त्या स्पर्धेत तिची एकही पेनल्टी चुकली नव्हती. दोन वर्षं मी मल्लीला एकच शिकवत होते, "बॉल नको बघू, हात बघ! हात सांगतो बॉल कुठे जाणार!"

शिट्टी वाजली. त्या मुलीनं डावी हूल दिली. मल्ली हलली नाही. उजवी दिली. मल्ली जागच्या जागी. मुलगी बिचकली आणि तिनं सरळ मारला. मल्लीच्या छातीवर! मल्लीनं बॉल मिठीत घेतला आणि वेळ संपली.

मुली पाण्यातच नाचायला लागल्या. मी कपड्यांसकट उडी मारायच्या बेतात होते. दुसऱ्या टीमचे कोच स्वतः आले, हात मिळवला. म्हणाले, "काय नर्व्ह आहे मुलीची! हुलीला बळीच पडली नाही. कसं शिकवलंत?"

मी विनयानं हसले.

मल्ली बाहेर आल्यावर तिला मिठी मारली. "शाबास! हात बघितलास ना तिचा?"

"नाई मॅडम."

"मग?"

"मागच्या महिन्यात हॉस्टेलवर डोळे तपासले, तं मले नंबर निघाला. चष्मा बनून राह्यला अजून. तिचा हात मले दिसलाच नाई. बॉल जवळ आला तेव्हा दिसला!"

ते कोच तिथेच उभे होते.

*

आता थोडं माझ्याबद्दल. हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

तिसरा नंबर आला आणि मी उडायला लागले. पुण्याच्या एका कॉलेजात माझी ओळख. तिथे मोठा तलाव, मुलींची टीम, हॉस्टेल, सगळं. मी मल्लीला न विचारता बोलणी केली. तिच्यासाठी फॉर्मसुद्धा आणला. तीन वर्षांत ही मुलगी देशाच्या टीममध्ये दिसेल, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं. मी स्वतः जिथवर पोचले नाही, तिथे.

फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिनं सगळा वाचला. मग म्हणाली, "मॅडम, मले माशांचं शिकायचं हाय."

"माशांचं काय शिकायचंय? तुझ्या घरी दुसरं काय आहे?"

"नागपूरकडे कॉलेज हाय. मत्स्यविज्ञानाचं. सीईटी दिली मी."

मला काहीच माहीत नव्हतं. बसमध्ये ती जाडी पुस्तकं उघडून बसायची, मला वाटायचं बोर्डाची तयारी चालली आहे.

मला राग आला. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ काठावर उभी राहिले मी. नको ते बोलले. खेळ सोडायचा होता तर आधी सांगायचं, बाकीच्यांचा वेळ कशाला घेतला, वगैरे. ती खाली बघून ऐकत राहिली. मग म्हणाली, "नायना लहान होते तेव्हा नदीत येत होते ते काही मासे आता येत नाईत. नायनाले नावं माहीत हायेत. मी ते पाह्यलेच नाई. नायना म्हणतात, मासे रुसले. मले पाहायचं हाय, काय झालं तं."

माझा राग काही उतरला नव्हता. मी म्हटलं, "मासे कुठे पळून जात नाहीत. ते थांबतील. खेळाडूचं वय थांबत नाही!"

"माशाचंही वय असते, मॅडम," ती म्हणाली. "खवल्यावर गोल गोल रेघा असतात. त्या मोजायच्या."

पुण्याचा फॉर्म अजून माझ्या कपाटात आहे. कोरा.

*

मल्लीला नागपूरकडच्या त्या कॉलेजात सीट मिळाली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचं अर्धं लक्ष तिकडेच राहायचं. रोशनी सध्या पोलीस भरतीची तयारी करते आहे, धावण्यात पहिली येते. हेही झालं. आता ऐका.

खेळाडूंच्या कोट्यात एक जागा उरलेली आणि दावेदार दोन. मल्ली, आणि नागपूरचा एक बास्केटबॉलवाला. मूळ कागदपत्रं घेऊन समितीपुढे हजर व्हायचं होतं. मल्ली तेव्हा गावी. आणि जुलैचा पाऊस असा लागला, की आलापल्लीच्या वाटेवरचे सगळे नाले रस्त्यावर आले. सिरोंच्याचा रस्ता बंद! तिचा फोन आला, "मॅडम, बस नाई." मी काही बोलणार तेवढ्यात लाइन गेली. मग दोन दिवस काहीच नाही.

ठरलेल्या दिवशी मी एकटीच कॉलेजवर पोचले. निदान समितीला तारीख वाढवून मागावी. गेटसमोर टपरीवर चहा सांगितला आणि समोर पडलेला पेपर उचलला. आतल्या पानावर मल्लीचा फोटो! राज्य स्पर्धेतला, टोपी घातलेला. वर मथळा, 'पुराला हरवून जलकन्या निघाली प्रवेशाला'. खाली बातमी. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डोक्याला बांधली, खवळलेल्या प्रवाहात झेप घेतली, पैलतीर गाठला, गावकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

 बावीस वर्षांत मला पाण्याची भीती वाटली ती तेव्हा. चहा तसाच राहिला.

दहाच्या सुमारास ऑटोतून मल्ली उतरली. मागून पोचमभाऊ. मी धावत जाऊन आधी तिचे केस चाचपले. कोरडे!

"पुरात उतरलीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. उत्तर पोचमभाऊंनी दिलं. मोडकं मराठी, पण स्पष्ट, "पुरात उतरणारा ढिवर म्हातारा होत नाई, बाई."

झालं होतं ते असं. रस्ता बंद म्हटल्यावर बापलेक गोदावरीच्या पुलावरून पलीकडे तेलंगणात गेले. तिथून बस धरून मंचेरियाल. मंचेरियालहून रेल्वेनं थेट नागपूर. खिडकीची जागासुद्धा मिळाली होती.

पेपरचं तिला सांगायला सवड मिळालीच नाही. तिचं नाव पुकारलं गेलं.

मी आणि पोचमभाऊ दाराबाहेर बाकावर. दार अर्धवट उघडं, आतलं सगळं ऐकू येत होतं. तिघांची समिती. अध्यक्षांच्या समोर टेबलावर तोच पेपर, घडी घालून, बातमी वर ठेवलेला! मल्ली आत शिरताच ते खुर्चीतून अर्धे उठले.

"ये, ये! सकाळपासून तुझीच चर्चा आहे. असं धाडस असलेली मुलगी या कॉलेजला पाहिजेच." मग दोन्ही सदस्यांकडे बघून, "सांग बरं यांना तुझ्या तोंडून. पूर कसा पोहून आलीस?"

मी बाकाची कड घट्ट धरली. खरं सांगते, मनात म्हटलं, मल्ली, हो म्हण. एकदा हो म्हण!

"पोहून नाई आली, सर," आतून आवाज आला. "बसनी आली. मग रेल्वेनी."

अध्यक्ष पुन्हा खुर्चीत टेकले. 

"पण पेपरात तर छापून आलंय!" अध्यक्ष म्हणाले आणि पेपर तिच्यापुढे सरकवला.

मल्लीनं तो उचलला. उभ्या उभ्या अख्खी बातमी वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सावकाश. तिघेही थांबून राहिले. वाचून झाल्यावर तिनं पेपरची घडी होती तशी घातली आणि दोन्ही हातांनी परत टेबलावर ठेवला.

"पेपरवाला पोहला असंन, सर."